साहेब, कारकून, राणीसरकार आणि पिवळी व्हॅन

३ फेब्रुवारी, मंगळवार

मिळाली. आमच्या बिस्किट कंपनीच्या नव्या कारखान्यात गुणवत्ता विभागाची प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. मॅनेजरबाईंनी बोलावून सांगितलं तेव्हा मी अगदी गंभीर चेहऱ्याने ‘घरी विचारून सांगते’ म्हणाले, आणि बाहेर पडून भट्टीच्या मागे जाऊन एकटीच नाचले. भट्टीवाल्याने पाहिलं. पाहू दे.

कारखाना देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरात आहे. थंडी मरणाची, पण राहायला कंपनीचं घर आहे, घराला अंगण आहे आणि अंगणामागे ओढा आहे. ओढा ऐकल्याबरोबर मला राणीसरकार आठवल्या.

राणीसरकार म्हणजे आमचं बदक. नवऱ्याला शाळेच्या सोडतीत बक्षीस लागलं तेव्हा मुठीत मावत होतं, आणि आम्हाला वाटलं चार दिवसांचं पाहुणं आहे. आता न्हाणीघर तिच्या मालकीचं आहे, आम्ही तिची परवानगी काढून आंघोळ करतो. कारकून हा आमचा बोका. कुठलाही कागद उघडला की त्यावर येऊन बसतो आणि काम अडवून धरतो. आणि साहेब हा कुत्रा, म्हातारा, धिप्पाड, स्वतः काडीचं काम करत नाही आणि सगळं त्याला जागेवर लागतं.

विमानवाले बदक नेत नाहीत. रेल्वेच्या चौकशी खिडकीतल्या बाईंनी ‘बदक’ हा शब्द ऐकून फोनच ठेवला. म्हणजे रस्त्याने जायचं. आमची आम्ही गाडी काढून, अख्खा देश आडवा कापत, वाटेत मुक्काम करत. मला इतका आनंद झालाय की वहीच्या समासात बदक काढून ठेवलंय.

४ फेब्रुवारी, बुधवार

रात्री जेवताना सगळं सांगून टाकलं.

आमच्या घरात बापलेक, म्हणजे नवरा आणि माझे सासरे, एकमेकांशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, सवय आहे. सासूबाई होत्या तेव्हा त्या मध्ये बसून इकडचं तिकडे करायच्या, ‘अहो, तो विचारतोय’, ‘अरे, ते म्हणताहेत’. त्या गेल्या आणि ती नोकरी साहेबाला लागली. आता दोघंही जे काय असेल ते कुत्र्याला सांगतात आणि दुसरा ऐकतो. मलाही यात काही वेगळं वाटेनासं झालंय.

तर नवरा भाकरी मोडत म्हणाला, “साहेब, तिकडे थंडी फार आहे म्हणे. म्हाताऱ्या हाडांना सोसेल का?”

बाबांनी तोंडातला घास सावकाश संपवला. मग तेही साहेबालाच म्हणाले, “साहेब, याला म्हणावं माझी काळजी नको. मी मोठ्याकडे राहीन.”

“साहेब, त्यांना तिकडे बरं वाटत असेल तर आपण कशाला अडवायचं,” नवरा म्हणाला. साहेब दोघांकडेही बघून शेपटी हलवत होता.

किती सुटसुटीत झालं. बाबांचा विषय काढायलाच मला आठवडा लागला असता. मोठे भाऊजी याच शहरात पलीकडच्या टोकाला राहतात, घरात लिफ्ट आहे, पांढरा सोफा आहे, जाऊबाई टापटिपीच्या. मला मात्र जरा वाईट वाटलं. सकाळचा चहा मी आणि बाबाच घेतो, नवरा तेव्हा झोपलेला असतो. पण त्यांचीच इच्छा आहे, तर माझं काय चालणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

व्हॅन घेतली. एका शाळेची जुनी, पिवळीधमक. आत अजून खडूचा आणि सफरचंदाचा वास येतो, आणि मागच्या सीटवर कुणीतरी कर्कटकाने ‘मी इथे बसणार’ असं कोरून ठेवलंय. नवरा म्हणाला, पांढरी नव्हती का? मी म्हटलं, पांढऱ्या गाडीतून बदक नेलं तर लोक हसतील, पिवळ्या गाडीत ते शोभून दिसतं.

बाबा खाली येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेले. दारं उघडून मिटून पाहिली. मागच्या खिडकीपाशी बसून पाहिलं, गुडघे नीट मावतात म्हणाले. मी म्हटलं, त्या सीटवर राणीसरकारांचा टब ठेवायचा आहे. बरं बरं, म्हणाले आणि उतरले.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिली चाचणी. कारखान्यात नवं बिस्किट काढताना आम्ही आधी छोटा घाणा काढून बघतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल मांडायचा, हा माझा नियम आहे, मी नव्या पोरींना हाच पहिला शिकवते. प्रवासालाही तोच लावला. नवरा गाडी चालवणार, मी शेजारी, तिघं मागे. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं.

टाकी आम्ही पाहिलीच नाही. दुसऱ्या चौकात राणीसरकारांनी टबातून उडी मारली आणि गिअरवर येऊन बसल्या. कारकून ओरडत माझ्या डोक्यावर चढला. साहेब मान वर करून असा रडायला लागला की सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने हळूच विचारलं, कुणी गेलं का? नवऱ्याच्या कपाळावरचा घाम राणीसरकारांनी उडवलेल्या पाण्यात मिसळला.

घरी आल्यावर बाबांनी निमूटपणे फडकं घेऊन गाडी पुसली. मी खचले नाही. पहिला घाणा कुणाचाच जमत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

जमलं. जमलं. जमलं.

आठवडाभर डोकं चालवून मी टॉवेल शोधून काढला. आमच्या भट्टीशेजारी टांगलेला टॉवेल. त्याला व्हॅनिला आणि भाजलेल्या लोण्याचा असा वास असतो की कामावर चिडून आलेला माणूसही तिथे उभा राहिला की निवळतो. तो घरी आणला, गाडीत मागे अंथरला. टब हिंदकळू नये म्हणून बाबांना धरायला बसवलं, त्यांच्यापाशी वेळ होताच.

टाकीपर्यंत जाऊन परत. कुणी हूं का चूं केलं नाही. राणीसरकार मान पंखात घालून झोपल्या, कारकून बाबांच्या मांडीवर, साहेब त्यांच्या पायावर. मी मागे वळून वळून बघत होते आणि छाती अशी फुगली होती की सीटबेल्ट टोचायला लागला. एका टॉवेलने हे केलं. कंपनीला सांगून त्याचं वेगळं उत्पादन काढावं असं मनात आलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे तिघांना तपासायला नेलं. बाबाही आले. टोचण्या झाल्या, प्रमाणपत्रं झाली. निघताना बाबांनी डॉक्टरबाईंना हळूच विचारलं की गाडी लागू नये म्हणून देतात त्या गोळ्या माणसांना चालतात का. डॉक्टरबाईंना वाटलं चेष्टा करताहेत, त्या हसल्या. बाबाही मग हसले. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला कसली गाडी लागतेय.

२२ फेब्रुवारी, रविवार

तिसरी चाचणी, या वेळी लांबची, धरणापर्यंत. टॉवेल तोच, जागा त्याच. पुन्हा तेच, सगळे गपगार. एकही जण दमला नाही, मी सोडून, कारण मला आनंदाने गप्प बसवत नव्हतं.

बाबांची बडबड मात्र जाता-येता अखंड चालू होती. ते आयुष्यभर बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारायचे, आणि कुठल्याही वाहनात बसले की त्यांच्या अंगात येतं. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. रात्रीची जलद गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. आरक्षण असलेल्या प्रवाशांनी आधी बसून घ्यावे.” एका सुरात, ना वर ना खाली, सगळं जुनं वेळापत्रक. सासूबाई म्हणायच्या, यांच्याशी लग्न झाल्यापासून मला झोपेची गोळी लागली नाही. एवढी बडबड चालू असताना तिघंही झोपतात, यावरून टॉवेलची ताकद किती ते कळतं.

नवरा भूगोल शिकवतो, त्यामुळे मार्ग त्याने आखायचा ठरलाय. चांगला आखलाय, पण जरा खुळ्यासारखा. दर दीड तासाला थांबा, तोही जिथे स्वच्छ संडास असेल तिथेच. मुक्कामाच्या सगळ्या खोल्या तळमजल्यावरच्या. मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, साहेबाला जिने चढवत नाहीत. साहेब रोज सकाळी तीन मजले धावत चढतो, पेपरवाल्याच्या मागे. पण मी वाद घातला नाही, त्याने इतक्या मनापासून रंगीत पेन्सिली घेऊन नकाशा रंगवला होता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

निम्मं घर खोक्यांत गेलं. कारकून प्रत्येक खोक्यात बसून त्याला मंजुरी देतो, त्याशिवाय चिकटपट्टी लावता येत नाही.

बाबांनी आपली बॅग भरली. बाजारातून जाड लोकरी मफलर आणि कानटोपी घेऊन आले. भाऊजींच्या घरात पंखा पाचवर असतो, तिथे कानटोपी घालून काय करणार कोण जाणे. नवरा ती टोपी हातात घेऊन बराच वेळ उभा होता. मग साहेबाला म्हणाला, “चांगली आहे, ऊबदार आहे.” बाबा साहेबाला म्हणाले, “हो ना, कुठेही उपयोगी पडेल.” आणि दोघंही आपापल्या खोलीत गेले. साहेब मधल्या दारात बसून राहिला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना भाऊजींकडे पोचवलं. भाऊजी चांगले आहेत, खोली रिकामी करून ठेवली होती. जाऊबाईंनी सोफ्यावर चादर टाकली होती. साहेबाला वर आणायचं नाही हा जाऊबाईंचा नियम, म्हणून तो खाली गाडीत. त्यामुळे निरोप घेताना नवरा आणि बाबा लिफ्टपाशी नुसतेच उभे राहिले. एकाने लिफ्टचं बटण दाबलं, दुसऱ्याने पुन्हा दाबलं. लिफ्ट आली आणि आम्ही खाली आलो.

परत आल्यावर सवयीने माझा आणि बाबांचा असे दोन कप चहा टाकला गेला. मी रडले थोडी. मग डोळे पुसून व्हॅनमधली मागची सीट काढून टाकली, टबाला ऐसपैस जागा झाली.

१ मार्च, रविवार

सत्यानाश. शेवटची चाचणी म्हणून उत्साहाने निघालो आणि तिथेच माशी शिंकली. राणीसरकार गिअरवर, कारकून माझ्या डोक्यावर, साहेबाचा तोच गळा. पहिल्या दिवसाची हुबेहूब नक्कल.

मी शांतपणे विचार केला. काय बदललं? सीट. सीट काढल्यामुळे त्यांना गाडी ओळखीची वाटत नसणार. साधी गोष्ट आहे. उद्याच परत बसवून घेते.

३ मार्च, मंगळवार

सीट बसवली. ‘मी इथे बसणार’ परत जागेवर. संध्याकाळी चाचणी घेतली. कारकून त्या रिकाम्या सीटवर चढला, गोल फिरला, वास घेतला आणि माझ्याकडे बघून असा ओरडला की मला माझंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. टॉवेल. परवा मी तो धुतला होता. वास गेला. कारखान्यात जाऊन भट्टीवाल्याकडून नवा ताजा टॉवेल मागून आणला, त्याने काही विचारलं नाही, मला नाचताना पाहिल्यापासून तो मला काहीच विचारत नाही. आता काळजी नाही.

नवरा म्हणाला, टॉवेलचं नाहीये ते. मग कशाचं आहे, विचारलं तर म्हणाला, काही नाही, आणि नकाशा उघडून बसला. नकाशावर कारकून बसला. दोघंही तसेच बसून होते.

७ मार्च, शनिवार. रस्त्यालगतच्या खानावळीत, दुपारी

आधी श्वास घेते. हात चिकट आहेत, वहीला पिसं चिकटलीत, आणि मला सगळं लिहायचं आहे.

सकाळी निघालो. किल्ली दिली, घराला नमस्कार केला, पिवळी व्हॅन गच्च भरलेली. मी इतकी खुशीत की कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला हात हलवला, त्याच्याशी माझं कधीच पटलं नव्हतं. गल्लीचं टोक येईपर्यंत मागे रणकंदन सुरू झालं. ताजा टॉवेल, जुनी सीट, सगळं जागच्या जागी असून राणीसरकार खिडकीवर चोच आपटत होत्या, कारकून ओकला, तोही नेमका नकाशावर. साहेबाने तर सूरच सोडला नाही. असं चार दिवस जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, नकोच ती नोकरी.

आणि मग बसस्थानकापाशी गर्दीत अडकलो.

भिंतीपलीकडून भोंग्यातून आवाज आला, कुणा तरुण बाईचा, पण एका सुरात. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. जलद गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.” मागे एकदम शांतता. मी वळून पाहिलं. राणीसरकारांनी मान पंखात घातली होती. कारकून रिकाम्या सीटवर अंग मुडपून बसला होता. साहेब मात्र उठून उभा राहिला होता, पुढचे पाय खिडकीवर ठेवून, कान टवकारून, आणि त्या गर्दीत एकेक म्हातारा माणूस निरखून बघत होता.

घोषणा संपली. साहेबाने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. रडला नाही. नुसतं पाहिलं.

मी चाचण्या आठवल्या. पहिलीत बाबा नव्हते. दुसरीत होते, तिसरीत होते. मग नव्हते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं मी जगाला शिकवते, आणि दुसऱ्या चाचणीत मी टॉवेल अंथरला त्याच दिवशी माणूसही बसवला, आणि तो माणूस मी मोजलाच नाही. टब धरायचा खुंटा असल्यासारखा धरला त्यांना. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. आणि मफलर, कानटोपी, गाडी लागायच्या गोळ्या असं एकेक करून सगळं डोळ्यांसमोर आलं.

मी नवऱ्याला काही सांगायला तोंड उघडलं, तर त्याने आधीच गाडी वळवली होती. मागचे सगळे भोंगे वाजवत होते. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता, “तळमजल्याच्या खोल्या घेतल्या गं मी. सगळ्या तळमजल्याच्या.”

भाऊजींच्या इमारतीखाली त्याने साहेबाला उतरवायला पट्टा ओढला. साहेब उतरेना. राणीसरकारांच्या टबाला टेकून पाय फाकवून बसला, मी मागून ढकलला तरी हलला नाही. जाऊबाईंचा नियम आता राहिला बाजूला, पण त्या दिवशीची आठवण त्याला असावी, या दारातून त्याला कुणी वर नेत नाही. नवऱ्याने पट्टा सोडवला आणि तो हातात घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, चल, तसाच.

वर दार भाऊजींनी उघडलं. बाबा हॉलमध्ये बसले होते, सोफ्यावर नाही, शेजारच्या लाकडी खुर्चीवर. पायात मोजे, बाजूला बॅग. जाऊबाई म्हणाल्या, आठवडा झाला, बॅग उघडली नाही, म्हणतात राहू दे, नंतर बघू.

नवरा समोर जाऊन उभा राहिला. हातातला रिकामा पट्टा त्याने एकदा खिशात घातला, परत काढला.

बाबांनी त्याच्या पायांपाशी पाहिलं, मागे पाहिलं. “साहेब कुठाय?”

“गाडीत. उतरत नाही.”

“मग विचारतंय कोण?”

मला वाटलं आता परत लिफ्टचं बटण शोधेल. पण नवरा म्हणाला, “मी विचारतोय, बाबा. चला आमच्याबरोबर. मला तुम्ही हवे आहात.”

बाबा खुर्चीच्या हाताला धरून उठले, मफलर गळ्यात घातला, त्या पंखा पाचवर असलेल्या घरात, आणि म्हणाले, “एवढं सांगायला तुला एक महिना लागला?” मग थोडं थांबून, “मलाही लागलाच म्हणा.” भाऊजी रडत होते आणि हसत होते, जाऊबाईंनी डबा भरून दिला आणि खाली गाडीपर्यंत आल्या. साहेबाने बाबांना पाहिलं आणि इतक्या जोरात अंगावर आला की जाऊबाईंच्या पांढऱ्या साडीवर दोन पंजे उमटले. त्या चिडल्या नाहीत. मी हे वहीत मुद्दाम लिहून ठेवतेय.

शहराची शेवटची कमान मागे पडली तेव्हा बाबा खिडकीपाशी, मांडीवर कारकून, पायावर साहेब, एका हाताने टब धरून पुकारत होते, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. पिवळी गाडी सुटत आहे. बदक असलेल्या प्रवाशांनी आधी बसून घ्यावे.” मी इतकी हसले की नवऱ्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. टॉवेल मी टब पुसायला घेतला.

८ मार्च, रविवार. व्हॅनमध्ये

पहिला मुक्काम छान झाला. खोली तळमजल्यावरची, संडास स्वच्छ. राणीसरकार मालकिणीच्या हौदात पोहल्या, मालकीण आधी ओरडली, मग फोटो काढत बसली. अजून निम्म्याहून जास्त देश बाकी आहे आणि मला वाटतं तो संपूच नये.

एक नवीनच कटकट आहे. सकाळपासून बापलेक मार्गावरून भांडताहेत. बाबा म्हणतात पूर्वी बस पुलावरून जायची, नवरा म्हणतो, बाबा, तो पूल आता नकाशात नाही, बाबा म्हणतात, नकाशावर मांजर ओकलंय, तुला काय दिसणार. थेट, एकमेकांच्या तोंडावर, तासन्‌तास. मी कानात कापूस घातला, तरी ऐकू येतंच.

साहेब दोघांच्या मध्ये बसलाय. एक बोलला की त्याच्याकडे मान वळवतो, दुसरा बोलला की त्याच्याकडे, शेपटी तयार ठेवून वाट बघतो, आणि त्याला कुणी काहीच सांगत नाही. म्हातारपणी नोकरी गेली बिचाऱ्याची. आत्ताच त्याने एक लांब जांभई दिली, बाबांच्या पायावर डोकं टेकलं आणि झोपून गेला.